मराठी प्रबंध वर्डमध्ये करताना: आधी स्टाइल्स, मग बाकी सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठीतला पीएच.डी.चा प्रबंध, अडीचशेच्या आसपास पानं, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल. मथळे एकेक करून ठळक आणि मोठे केलेत, अनुक्रमणिका टिंबं देत हाताने टाइप केलीय. मार्गदर्शकांनी दोन परिच्छेद वाढवायला सांगितले की पुढचे सगळे पृष्ठक्रमांक बदलावे लागतात, आणि मध्येच इंग्रजी शब्द आला की फॉन्टचं रूप बिघडतं. महिनाभरात सादर करायचाय, आता काही होऊ शकेल का?

होऊ शकेल, आणि एक ओळही पुन्हा टाइप करावी लागणार नाही. मी बरीच वर्षं मराठी प्रबंध आणि स्मरणिका छपाईयोग्य करून देतोय. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ अडचणींचं मूळ एकच निघतं. मथळा कसा दिसावा हे आपण वर्डला सांगतो, पण हा मथळा आहे हे सांगतच नाही. मग अनुक्रमणिकेत काय घ्यायचं हे त्याला कळणार कसं?

म्हणून पहिलं काम स्टाइल्स, म्हणजे 'हा मथळा', 'हा उपमथळा', 'हा मजकूर' असं वर्डला सांगणारी नावं. फॉन्ट, आकार असं सगळं रूप त्या नावाला जोडलेलं असतं. मूळ फाइल्स बाजूला ठेवा आणि सगळी प्रकरणं एका नव्या फाइलमध्ये आणा. इन्सर्ट टॅबमध्ये ऑब्जेक्टच्या बाणाखाली 'टेक्स्ट फ्रॉम फाइल' आहे, त्याने हे काम झटपट होतं. अडीचशे पानं वर्डला जड नाहीत. आता एखाद्या उपमथळ्यावर कर्सर ठेवा आणि होम टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट'मधलं 'सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग' निवडा. हाताने ठळक केलेले तसे सगळे उपमथळे एकदम निवडले जातील. त्यांना एका क्लिकमध्ये 'हेडिंग २' द्या. प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग १'. चौदाच्या जागी साडेचौदा पॉइंट झालेले काही मथळे या निवडीतून सुटतात, ते डोळ्यांनी शोधावे लागतील. पण हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे.

मग 'हेडिंग १'वर राइट क्लिक करून 'मॉडिफाय'मध्ये जा. इथेच तुमच्या फॉन्टच्या तक्रारीचं उत्तर आहे. फॉरमॅट, फॉन्ट असं उघडलंत की दोन वेगळे विभाग दिसतील: एक लॅटिन टेक्स्टचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, दुसरा कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा. देवनागरी या दुसऱ्या विभागात मोडते. बहुतेक जण पहिलाच विभाग बदलतात आणि मराठी अक्षर हलत नाही म्हणून वैतागतात. दोन्हीकडे फॉन्ट, आकार आणि ठळकपणा वेगवेगळा ठरवा. मराठी चौदा पॉइंट ठेवलंत तर शेजारचं इंग्रजी बारा पॉइंटवर साधारण त्याच उंचीचं दिसतं. 'नॉर्मल' स्टाइललाही हेच करा, म्हणजे मजकुरात इंग्रजी शब्द आला तरी ओळ विस्कटणार नाही. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी आधी ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करावं, मग तिथेही असेच दोन विभाग दिसतात.

'हेडिंग १'च्या मॉडिफायमध्येच परिच्छेदाच्या 'लाइन अँड पेज ब्रेक्स'मधलं 'पेज ब्रेक बिफोर' चालू करा. प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होईल. एंटर दाबत दाबत पान संपवलेल्या सगळ्या रिकाम्या ओळी मग काढून टाका. त्या दिसण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा, पानावर परिच्छेदाच्या खुणा येतील. 'फाइंड'मध्ये ^p^p आणि 'रिप्लेस'मध्ये ^p देऊन 'रिप्लेस ऑल' दोन-तीनदा चालवलं की रिकाम्या ओळी जातात. परिच्छेदांमधली मोकळी जागा स्टाइलच्या स्पेसिंगमध्ये द्या.

एवढं झालं की रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका घाला. मजकूर वाढला, कमी झाला की तिच्यावर क्लिक करून एफ९. कंट्रोल आणि एफ दाबून डावीकडची पट्टी उघडली की 'हेडिंग्ज'मध्ये सगळा प्रबंध मथळ्यांच्या रूपात दिसतो. तिथला मथळा ओढून वर-खाली नेला की त्याखालचा सगळा मजकूर, तळटीपांसकट, सोबत जातो आणि तळटीपांचे क्रमांकही नव्याने लागतात. 'तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्या' असं मार्गदर्शक म्हणाले, तर ते मिनिटभराचं काम आहे.

ऋणनिर्देश आणि प्रस्तावनेला रोमन आकडे, पहिल्या प्रकरणापासून १, असं हवं असेल तर मध्ये साधा पेज ब्रेक चालत नाही, फाइलचे दोन स्वतंत्र विभाग करणारा सेक्शन ब्रेक लागतो (लेआउट, ब्रेक्स, नेक्स्ट पेज). नव्या विभागाच्या तळाशी जाऊन 'फॉरमॅट पेज नंबर्स'मध्ये 'स्टार्ट ॲट' १ करा. 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करायची गरज फक्त दोन विभागांत तळाचा मजकूर वेगळा हवा असेल तेव्हाच.

आता खास मराठीच्या गोष्टी. जुनी प्रकरणं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर आधी ते तपासा. एक परिच्छेद निवडून त्याला निर्मला यूआय फॉन्ट द्या. मराठी मराठीच राहिलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे आत खरी देवनागरी अक्षरंच साठवलेली आहेत. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर आत साठवलेली अक्षरं मुळात देवनागरी नाहीतच, आणि तसा मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागेल. नंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्याखालून घाला, गडबड तिथेच होते. पीडीएफमधून मराठी कॉपी करणं शक्यतो टाळा, काना-मात्रा जागा सोडतात.

'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतला चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडलेला असतो, दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह असतं. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना ते एकच मानले जातील याचा भरवसा नाही. प्रकरणं दोघांनी टाइप केली असतील किंवा दोन कीबोर्ड वापरले असतील, तर हमखास दोन्ही सापडतात. एक रूप मजकुरातून कॉपी करून 'फाइंड'मध्ये टाका, दुसरं 'रिप्लेस'मध्ये, आणि सगळीकडे एकच ठेवा. शब्दसूची करणार असाल तर हे कराच.

ओळींमधलं अंतर कमी-जास्त दिसत असेल तर 'लाइन स्पेसिंग'मध्ये 'एक्झॅक्टली' निवडा, पण हात सैल ठेवा. कमी दिलंत तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. 'कौटुंबिक' किंवा 'मूर्तिपूजा' असलेली ओळ बघूनच आकडा पक्का करा. तिरप्या अक्षरांच्या फंदात पडू नका. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना खरं तिरपं रूप नसतं, सॉफ्टवेअर सरळ अक्षर ओढून वाकवतं आणि ते वाईट दिसतं. ग्रंथनामांना एकेरी अवतरणचिन्हं द्या. फॉन्ट म्हणाल तर आयआयटी मुंबईचा शोभिका प्रबंधाला फार छान शोभतो. तो मोफत आहे आणि त्यात ठळक रूपही आहे.

'डॉ.' ओळीच्या शेवटी आणि आडनाव खालच्या ओळीत, असं होऊ नये म्हणून मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस. 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' पन्नासदा टाइप करण्यापेक्षा ऑटोकरेक्टमध्ये 'साफुपु' अशी खूण ठेवा, ती टाइप केली की पूर्ण नाव आपोआप उमटतं.

मार्गदर्शकांकडे फाइल देताना रिव्ह्यूमधलं 'ट्रॅक चेंजेस' चालू करून द्या, म्हणजे त्यांनी केलेला प्रत्येक बदल नोंदला जाईल. त्यांनी ते बंद करून दुरुस्त्या केल्या तरी काही बिघडत नाही. 'कंपेअर'मध्ये तुमची आणि त्यांची फाइल दिली की बदललेला शब्द न् शब्द दिसतो.

छपाईच्या दुकानात वर्डची फाइल कधीच नेऊ नका. तिथे तुमचा फॉन्ट नसला की पानं सरकतात. कंट्रोल आणि ए, मग एफ९ करून सगळं अद्ययावत करा, पीडीएफ काढा, आणि ती स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर उघडून अनुक्रमणिकेतले चार-पाच पृष्ठक्रमांक प्रत्यक्ष पानांशी ताडून बघा.