गेटवरचा 'प्राण्यांना मनाई' फलक तुमच्या मुलासाठी नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाला दिसत नाही, सोबतचा लॅब्रॅडॉर वाट दाखवायला रीतसर शिकलेला, प्रवेश पक्का झालेला. पहिल्याच दिवशी वॉचमनने 'प्राण्यांना सक्त मनाई'चा फलक दाखवून दोघांना परत पाठवलं. वर ऑफिसातून ऐकवलं, की सुप्रीम कोर्टानेच कॉलेजात कुत्र्यांना बंदी केलीय. आता पोराला घरीच बसवायचं का, असं तुम्ही विचारताय.

नाही. तो फलक कसा जन्माला येतो ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण तसला एक मी स्वतः लिहिलाय. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. एका मार्चमध्ये परीक्षेला आलेल्या मुलीच्या पोटरीला कँटीनमागची कुत्री चावली. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली, रिक्षात घालून तिला सिव्हिलला नेलं, आणि परत येऊन त्याच घामाच्या शर्टात मी नोटीस टाइप केली: 'महाविद्यालयाच्या आवारात कोणत्याही प्राण्यास प्रवेश नाही.' साहेबांची सही झाली, आठवड्यात फलक रंगवून आला. कुत्र्यांना कुठं वाचता येतंय? ती कँटीनमागेच राहिली. फलकाने अडवलं ते दोन वर्षांनी आलेल्या एम.ए.च्या मुलाला. त्यालाही दिसत नव्हतं, आणि त्याच्या हातात काठीऐवजी वाट दाखवणाऱ्या कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याची, म्हणजे हार्नेसची, मूठ होती. 'कोणत्याही' हा एक शब्द मी विचार न करता लिहिला होता.

गोंधळ होतो तो इथेच. भटका कुत्रा, पाळलेला कुत्रा आणि मदतनीस कुत्रा या तिघांना एकाच फलकात कोंबलं जातं.

आधी सुप्रीम कोर्टाचं बघू, कारण सध्या सगळे तेच तोंडावर फेकतात. ७ नोव्हेंबर २०२५ चा तो आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहे. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री महापालिकेने उचलायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, परत त्याच जागी सोडायची नाहीत. एरवी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. या जागांपुरतं कोर्टाने ते बदललं. संस्थेने कुंपण आणि गेट नीट करायचं, एक नोडल अधिकारी नेमायचा, महापालिकेने तीन महिन्यांतून किमान एकदा पाहणी करायची. त्या प्रकरणात पुढेही सुनावण्या झाल्यात, तेव्हा कॉलेजात जाण्याआधी ताजा आदेश बघून घ्या. पण मालकाच्या हातात हार्नेस असलेला, लस घेतलेला कुत्रा भटका कसा होईल?

उलट तो आदेश तुमच्याच बाजूचा आहे, हे ऑफिसात शांतपणे सांगा. मदतनीस कुत्र्याला आवारात सगळ्यात मोठा त्रास कुणाचा? आधीपासून तिथे राहणाऱ्या टोळक्याचा. आमच्या त्या मुलाच्या कुत्र्यावर सायकल स्टँडजवळ चौघं धावून आली होती. तो भुंकला नाही, फक्त मुलाच्या गुडघ्याला चिकटून उभा राहिला, आणि मुलाला कळेना की हल्ला कुठल्या बाजूने होतोय. त्या टोळक्याचा बंदोबस्त करायची जबाबदारी आता कागदावर आलीय. नोडल अधिकारी कोण, हे नावानिशी विचारा.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये 'मदतनीस कुत्रा' हा शब्द शोधू नका, सापडणार नाही. म्हणून काही जण म्हणतात, की मग हक्कच नाही. पण कलम १६ वाचा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत-आवार वापरता येण्याजोगं ठेवायचं आणि त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची, असं त्यात आहे. संस्थेवर अवास्तव भार पडत नसेल तर आवश्यक तो बदल करायचा, हा वाजवी सोयीचा अर्थ कलम २ मध्येच दिलाय. शिकलेल्या कुत्र्याला बाकाखाली बसू देण्यात कसला भार?

म्हणून अर्ज कुत्र्यासाठी करायचाच नाही. अर्ज मुलाच्या सोयीसाठी करायचा. पहिल्या परिच्छेदात मुलगा, त्याचं दिव्यांगत्व, यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) नंबर आणि कलम १६. कुत्रा दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे, तेही काय काम करतो ते सांगत: खड्डा, पायरी, उभी मोटारसायकल चुकवतो, जिन्यापाशी थांबतो, मुलाने पुढे चल म्हटलं तरी समोर धोका असेल तर जागचा हलत नाही. सोबत प्रशिक्षणाचा कागद आणि रेबीजच्या लशीची नोंद. वर्ग, लायब्ररी, परीक्षा हॉल, कँटीन सगळं नाव घेऊन लिहा, नाहीतर परीक्षेच्या दिवशी नवा पर्यवेक्षक नवा वाद काढतो. अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत समान संधी कक्षाला, आणि आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

एक सावधगिरी. 'रिझनेबल अकॉमोडेशन' असं इंग्रजीत लिहिलंत तर शेजारी मराठीत 'वाजवी सोय' असंही लिहा. आमच्याकडे एका क्लार्कने अकॉमोडेशन वाचून फाइल सरळ होस्टेल विभागाला पाठवली. तिथून तीन आठवड्यांनी शेरा आला, 'खोली शिल्लक नाही.'

लेखी नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण माझा अनुभव असा, की शिक्का मारलेला अर्ज आणि कलमाचा आकडा दिसला की बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच वळते.

भीती आणि ॲलर्जी हे आक्षेप मात्र खोटे समजू नका. बसायची जागा लांब ठेवून ते सुटतात. कुत्रा अंगावर जात असेल, घाण करत असेल तर कॉलेज बाहेर काढू शकतं, आणि काढावंच.

बिस्किटांचं काय, ते कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आमच्या कॉलेजच्या मुलींनी त्या एम.ए.च्या मुलाच्या कुत्र्याचा लाड करून करून त्याला पार्ले-जीची चटक लावली. एके दिवशी कुणीतरी पुडा फाडला, त्याचं डोकं तिकडे वळलं आणि मुलाचा पाय उघड्या गटारीत गेला. घोटा सुजून टम्म. त्यानंतर वर्गात त्यानेच उभं राहून सांगितलं, की हार्नेस अंगावर असेल तोवर कुत्र्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आणि ऊन. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला काय सांगायचा! दुपारी गेटपासून इमारतीपर्यंतच्या डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सहा सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. झाडांच्या कडेची मातीची वाट मुलाला आधीच चालून पाठ करू दे. आमचा शिपाई व्हरांड्यात ओलं पोतं अंथरायचा आणि जर्मनच्या पातेल्यात पाणी ठेवायचा. त्यासाठी कुठलाही ठराव झाला नव्हता.

खाली एकाने विचारलंय, की मन:शांतीसाठी पाळलेलं मांजर होस्टेलात ठेवता येईल का, ऑनलाइन सर्टिफिकेट मिळतं म्हणे. पैसे घालवू नका. ते खूळ अमेरिकेतून आलंय, आणि तिथल्या दिव्यांग कायद्यातही नुसता धीर देणारा प्राणी मदतनीस कुत्र्याच्या रांगेत बसत नाही. मदतनीस कुत्र्याला तर तिथे सर्टिफिकेट लागतच नाही. कर्मचाऱ्याने दोनच गोष्टी विचारायच्या: दिव्यांगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय? आपल्या वॉचमनलाही हेच दोन प्रश्न शिकवले तर बरं. मांजराचं म्हणाल तर रेक्टर देतील ती परवानगी, नाही दिली तर नाही.

ताई, अर्जाचा कच्चा मसुदा इथेच टाका, कॉलेजचं आणि मुलाचं नाव खोडून. रात्री बघून दुरुस्त करून देतो.