औषध दुकानाचा कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बारावी विज्ञान उत्तीर्ण असून सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका मेडिकलमध्ये काही वर्षांपासून काउंटरवर काम करतो. परवान्यावर ज्या फार्मासिस्टचे नाव आहे, ते अधूनमधून केवळ सह्या करण्यापुरते येतात. चिठ्ठीवरील औषधे मीच देतो. मालक म्हणतात, ‘तपासणी झाली तर जबाबदारी माझी, तू काळजी करू नकोस.’ हे खरे आहे का? सहा महिन्यांचा ‘फार्मसी असिस्टंट’ हा खाजगी कोर्स केला, तर मला औषधे देण्याचा अधिकार मिळेल का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मालकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि जो अर्धा भाग खरा नाही, तो नेमका आपल्या वाट्याचा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम १८ मध्ये कोणीही ‘स्वतः किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कोणाकरवी’ नियमबाह्य विक्री करू नये, अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यामुळे औषध नोकराने दिले एवढ्यावरून मालक सुटत नाहीत. परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर तो फटकाही त्यांनाच बसतो. मात्र फार्मसी कायदा, १९४८ चे कलम ४२ वेगळे आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतर कोणीही करू नये, असे ते सांगते आणि त्याच्या उल्लंघनाला शिक्षा ठरवते. त्यात मालक आणि नोकर असा भेद केलेला नाही. ज्याच्या हातून औषध दिले गेले, त्याला ‘मला मालकांनी सांगितले होते’ या उत्तराचा फारसा आधार मिळणार नाही.

औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ थोडा सैल वाटतो, कारण चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखाली दिले जावे, असे त्यात म्हटले आहे. अनेक दुकानदार याच शब्दांवर बोट ठेवतात. पण देखरेख करणारा माणूस दुकानात हवा. फोनवर विचारून घेणे किंवा महिनाअखेरीस एकगठ्ठा सह्या करणे याला देखरेख म्हणता येत नाही. सर्टिफिकेट ‘भाड्याने’ देण्याची ही पद्धत आपल्या राज्यात जुनीच आहे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या उपस्थितीवरून राज्यभर कडक तपासण्या झाल्या, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंदची हाकही दिली होती. विक्रेत्यांच्या काही अडचणी खऱ्या असतीलही, परंतु भाडे घेऊन घरी बसणाऱ्या फार्मासिस्टचे समर्थन करणे अवघड आहे.

खाजगी कोर्सविषयी थोडक्यात सांगायचे तर, त्याने अधिकार मिळत नाही. ‘असिस्टंट’ किंवा ‘टेक्निशियन’ या नावाने चिठ्ठीवरील औषधे देण्याचा स्वतंत्र दर्जा आपल्या कायद्यात नाही. बारावी विज्ञाननंतर मान्यताप्राप्त संस्थेतून दोन वर्षांचे डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्रातील पदविका) आणि त्यासोबतचे ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करून राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करणे, हा आपल्यासाठी रीतसर मार्ग आहे. तोपर्यंत होलसेलरकडून आलेला माल बिलाशी ताडून पाहणे, बॅच नंबर आणि एक्सपायरी तपासून तो रॅकमध्ये लावणे, बिल करणे आणि चिठ्ठीप्रमाणे काढलेल्या स्ट्रिप फार्मासिस्टसमोर ठेवणे ही कामे आपण निर्धास्तपणे करावीत. चिठ्ठी वाचून औषध ग्राहकाच्या हाती देण्याआधी फार्मासिस्टची नजर त्यावरून गेलीच पाहिजे.

प्रश्न : मी डी. फार्म. उत्तीर्ण असून नोंदणी नुकतीच झाली आहे. चिठ्ठीतील ब्रँड दुकानात नसेल, तर तोच कंटेंट असलेला दुसरा ब्रँड देता येतो का? आमच्याकडे इंडी, विजयपूर भागातील रुग्ण कर्नाटकातील डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणतात. त्या चालतात का?

— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना रुचणार नाही. चिठ्ठीत शेड्यूल एच किंवा एक्स (केवळ चिठ्ठीवर देण्याच्या औषधांच्या नियमांतील याद्या) यांमधील द्रव्य असलेले औषध असेल, तर त्याऐवजी दुसरे कोणतेही औषध देण्यास नियम ६५ मनाई करतो, आणि त्या दुसऱ्या औषधात तेच द्रव्य असले तरीही ही मनाई लागू राहते. समजा, चिठ्ठीत ॲझिथ्रोमायसीनचा एखादा ब्रँड लिहिला आहे आणि आपल्याकडे दुसऱ्या कंपनीची तेवढ्याच मात्रेची गोळी आहे, तर डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याकडून चिठ्ठीत बदल करून घेणे हा सरळ मार्ग होय. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी द्रव्याच्या मूळ नावानेच औषध लिहिले असेल, तर हा पेच उद्भवत नाही. स्वस्त जेनेरिक औषधांचा आग्रह धरायचा आणि त्याच वेळी फार्मासिस्टचे हात असे बांधून ठेवायचे, ही विसंगती दूर व्हायला हवी, असे माझे मत आहे. पण ती दूर होईपर्यंत नियम पाळावाच लागेल.

दुसऱ्या प्रश्नाबाबत, डॉक्टर याच राज्यातील असावेत अशी अट नियमांत नाही. चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता, तसेच औषधाचे प्रमाण व मात्रा लिहिलेली असावी, एवढे पाहावे. चिठ्ठी कन्नडमध्ये लिहिलेली असल्यामुळे मात्रा नीट वाचता येत नसेल, तर अंदाजाने औषध देऊ नये. डॉक्टरांनी पुन्हा देण्याविषयी लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते, आणि दिल्यानंतर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. ही नोंद करायला आपल्याकडे बहुतेक जण विसरतात, आणि मग तीच चिठ्ठी शहरातील दुसऱ्या दुकानात पुन्हा चालते.

प्रश्न : कोणत्या औषधांची वेगळी नोंद ठेवावी लागते?

— एक वाचक, बार्शी

उत्तर : १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही वेगळी नोंद ठेवण्याच्या औषधांची यादी लागू झाली. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, रिफाम्पिसिन अशी औषधे तिच्यात आहेत. लाल चौकटीतील इशाऱ्यावरून ती ओळखता येतात. सेफिक्झिमची एक स्ट्रिप दिली, तरी डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये विक्रीच्या वेळीच लिहावी लागते आणि हे रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. रात्री दुकान बंद करताना आठवून भरलेले रजिस्टर बिलांशी जुळत नाही, आणि औषध निरीक्षक अशी तफावत चटकन हेरतात. ॲझिथ्रोमायसीन एच-१ मध्ये नसून एचमध्ये आहे, म्हणजे नोंदीचे बंधन त्याला नसले तरी चिठ्ठीचे आहेच. घसा दुखतो म्हणून मागणाऱ्याला ते तसेच देता येत नाही. केटामाइनसारख्या शेड्यूल एक्समधील औषधांना वेगळा परवाना आणि दोन प्रतींत चिठ्ठी लागते, त्यातील एक प्रत दोन वर्षे दुकानात ठेवायची असते आणि साठा कुलूपबंद ठेवावा लागतो. क्षयरोगाच्या औषधांबाबत आणखी एक बंधन आहे. मार्च २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ही औषधे देणाऱ्या दुकानांनीही रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवायची असते.

प्रश्न : उन्हाळ्यात वीज गेल्यावर इन्सुलिनचे काय करावे? मुदत संपलेला माल कोठे ठेवावा?

— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवावा, तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहावे आणि बॅटरी बॅकअपची सोय करावी. इन्सुलिन फ्रीजरच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वापरण्यायोग्य राहत नाही. मुदत संपलेला माल विक्रीच्या मालात मिसळू न देता वेगळ्या खोक्यात, त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहून ठेवावा आणि होलसेलरकडे परत पाठवताना त्याच्या यादीची एक प्रत आपल्याकडे राखून ठेवावी.