‘ईयोबासारखा धीर धर’ म्हणजे कोणता धीर?

प्रश्न असा आहे: मुलंबाळं, मालमत्ता आणि आरोग्य गमावलेल्या बायबलमधल्या ईयोबाचा धीर म्हणजे मुकाट्याने सोसणंच ना? आणि आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाला ‘ईयोबासारखा धीर धर’ असं म्हणावं का?

म्हणू नये. दवाखान्यात, दफनभूमीत हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. ईयोबाचा तिसरा अध्याय उघडून पाहा: तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे पानोपानी देवाशी भांडतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (5:11) त्याच्या धीराचा दाखला आहे खरा, पण मूळ ग्रीक ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. तोंड मिटून घेणं नव्हे.

त्याहून मोलाचा शब्द आहे ईयोब 2:11 मध्ये. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र त्याला भेटायला निघतात, तिथे हिब्रूत दोन क्रियापदं आहेत, ‘नूद’ आणि ‘नहम’. ‘नहम’ म्हणजे सांत्वन करणं. नहूम, नहेम्या ही नावं त्यातलीच. मला वेड लावलं ते ‘नूद’नं. त्याचा मूळ अर्थ हलणं, डोलणं, भटकणं. पाण्यातला बोरू हलतो (1 राजे 14:15) तो याच क्रियापदानं, आणि भावाचा खून करणारा काइन ज्या नोद देशात जाऊन राहिला त्या नावातही हाच धातू. हलण्यावरून अर्थ कळवळ्यावर आला. आपलं ‘मन हेलावणं’ अगदी याच वाटेनं आलंय! कोशकार एवढंच सांगतात की समदुःखी माणूस मान हलवतो म्हणून हा अर्थ आला. मला ते फार तोकडं वाटतं. माझ्या मते ‘नूद’मध्ये आपली जागा सोडणंही आहे. ते तिघे आपापल्या ठिकाणाहून उठून आले, त्यांनी झगे फाडले आणि 7 दिवस, 7 रात्री चकार शब्द न काढता ते ईयोबाजवळ जमिनीवर बसले. तेवढा वेळ त्यांनी खरोखर धीर दिला. मग ‘तू पाप केलं असशील म्हणूनच हे दुःख’ असा उपदेश सुरू झाला आणि सगळं बिघडलं.

‘मित्रांची शिकवण बरोबर होती, फक्त वेळ चुकली’ असं काही भाष्यकार लिहितात. हे मला साफ अमान्य आहे. 42:7 मध्ये देव अलीफजवर संतापतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे चूक वेळेची नव्हती, बोलण्याचीच होती. आकांत करणारा ईयोब बरोबर ठरला. दुखऱ्या माणसाला वचन सांगायला निघालेल्याने आधी हे वाचावं.

चारच ओव्यांनंतर, 42:11 मध्ये, ‘नूद’ पुन्हा येतं. ईयोबाचे भाऊ, बहिणी आणि जुने ओळखीचे लोक त्याच्या घरी येतात, त्याच्या पंक्तीला बसून जेवतात, आणि प्रत्येक जण त्याला चांदीचं एक नाणं आणि सोन्याची एक अंगठी देतो. त्यांनी काय उपदेश केला, याचा तिथे एक शब्दही नाही.