सातवा लागला की दूध पाजणं शिकून घे वं

आरोग्य दिवसाला अंगणवाडीत जाशील ना, तर आशाताईले बाहुली घेऊन बाळ कसं धरायचं ते दाखवायला लाव, कारण डिलिव्हरीनंतर टाके दुखतात, झोप नसते, घरात दहा बाया दहा गोष्टी सांगतात आन तेव्हा डोक्यात काहीच शिरत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी हाय म्हणते, तर आईलेही सोबत ने, रात्री दोनले बाळ रडलं की तुझ्याजवळ तीच राहणार.

बाळ झालं की तासाभरात छातीशी घे. पहिले पिवळा घट्ट चीक येते, थोडासाच असते, तो कोणाले पिळून फेकू देऊ नको. मध, घुटी, गुळाचं पाणी काही नाही. भरून दूध यायले दोन-चार दिवस लागतात, सिझर झालं तर कधी अजून जास्त, आन तेवढ्यात "हिले दूधच नाही" म्हणून पावडरच्या दुधाचा डबा आणतात, मंग बाळ कमी ओढते आन दूधही कमीच बनते.

निप्पल दुखलं तर पकड पाह्य. तोंड मोठं उघडं, हनुवटी छातीले टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, भोवतालचा काळा भागही तोंडात. नुसतं निप्पल चोखलं की चिरा पडतात. सोडवताना ओढू नको, तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घाल.

पाचव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहाएक लंगोट ओले होत असले तर दूध पुरून राह्यलं समज. बाळ सुस्त पडलं, पीतच नाही, किंवा तुले ताप येऊन छाती लाल झाली तर लगेच दवाखान्यात जाय, आन तिथंही पाजणं बंद करायचं का हे डॉक्टरले विचारूनच ठरव.