‘लक्ष घालतो’ ही पोच नव्हे

मस्कतहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरा वर्षांचा. मुंजीनंतर त्याला रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यालगतच्या एका निवासी वेदपाठशाळेत ठेवलं. आजी-आजोबा तिथून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. त्या लिहितात: “गणपतीला घरी आला तेव्हा पाठीवर आणि दंडावर वळ होते. विचारलं तर म्हणाला, शेवाळावरून घसरलो. मोठी मुलं आपले कपडे त्याला धुवायला लावतात, नाही म्हटलं तर रात्री अंथरुणावर पाणी ओततात, असं त्यानं चुलतभावाला सांगितलं. सासऱ्यांनी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, लक्ष घालतो. दिवाळीनंतर पुन्हा तेच. गुरुजींचा मान ठेवायचा म्हणून आम्ही फार ताणलं नाही.”

ताई, वाचून जीव तुटला. लेकरू गावाला आणि आपण बाहेर, सुट्टी मागितल्याशिवाय विमानात बसता येत नाही, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. तरीही थोडं रागवणार आहे. चार पानांच्या पत्रात ‘फोन केला’ किती वेळा आलंय ते पाहा. ‘पत्र दिलं’ एकदाही नाही. गुरुजींचा मान ठेवणं आणि तक्रार तोंडी ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदरानं लिहिता येतंच की.

कागदावर एवढा जोर देते, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तो फक्त कॉलेजांचा, असा बहुतेकांचा समज असतो. पण त्यातल्या शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत नाव काहीही असलं तरी शिकवण्याचं काम करणारी संस्था येते, आणि वसतिगृहही येतं. चिडवणं, शिव्या, धमक्या, इजा करणं, मूल एरवी आपणहून करणार नाही असं काम त्याच्याकडून करवून घेणं, सगळं त्यात बसतं. विद्यार्थ्यानं, पालकांनी किंवा शिक्षकानं लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखानं टाळाटाळ केली तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. हे ७ दिवस लेखी तक्रार पोचल्यापासून मोजतात. तुमच्या सासऱ्यांच्या दोन्ही फोनांनी ते सुरूच झाले नाहीत.

इथे बरेच पालक आणखी एक चूक करतात. इंटरनेटवर शोधून शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ (शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई) अर्जात घालतात आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडून अर्ज परत येतो. २००९ च्या त्या कायद्यातून २०१२ च्या दुरुस्तीनं वेदपाठशाळा, मदरसे आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था वगळल्या आहेत. तुमच्या अर्जात कलम १७ नको. १९९९ चा कायदा लिहा. मोठ्या माणसांनीच मारहाण केली असेल, किंवा मोठ्या मुलांना ‘शिस्त लावायला’ मोकळं सोडलं असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लिहा. मुलांचा सांभाळ सोपवलेल्या संस्थेतल्या माणसानं क्रूरपणे वागवलं तर त्यात ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे.

आता पत्र कसं लिहायचं. वर संस्थेच्या अध्यक्षांचं किंवा प्रधान आचार्यांचं पदनाम घाला; वसतिगृह सांभाळणाऱ्याच्या नावानं देऊ नका, ते तिथेच अडकतं. ‘मुलाला त्रास होतो’ या वाक्याचा काही उपयोग नाही, कारण त्याची चौकशी कुणालाच करता येत नाही. तारीख, वेळ, जागा, कोण, काय केलं, कोणी पाहिलं: ‘अमुक तारखेला रात्रीच्या जेवणानंतर विहिरीजवळ, अमुक आणि अमुक यांनी’, असं. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘एकादशीच्या आदल्या दिवशी’ चालेल. पाठशाळेतल्या पोराला तिथी पाठ असते, पंचांगातून तारीख काढा. एका घटनेला एक परिच्छेद. ऐकीव असेल तिथे ‘चुलतभावाला सांगितल्याप्रमाणे’ असं स्पष्ट लिहा. शेवटी मागण्या: मुलाची झोपायची जागा आजच बदलावी, रात्री खोलीत प्रौढ माणूस असावा, ७ दिवसांत चौकशी करून लेखी उत्तर द्यावं. ‘कडक कारवाई करावी’ या शब्दांतून काहीच हाती लागत नाही.

दोन प्रती काढा. सही तुम्ही दोघांनी करायची, स्कॅन करून आजोबांकडे पाठवायचं, सोबत पासपोर्टची प्रत आणि ‘आमच्या वतीनं हे पत्र आजोबा देतील’ अशी एक ओळ. त्यासाठी वकिलातीत मुखत्यारपत्र करायच्या भानगडीत पडू नका. आजोबांनी एक प्रत द्यायची आणि दुसरीवर तारीख, सही, शिक्का घ्यायचा. शिक्का देत नसतील तर वाद घालायचा नाही. तिथून पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करायचं आणि पावती जपायची. त्याच दिवशी तुम्ही तिकडून ईमेल करा. माझ्या भाच्याच्या वसतिगृहातही तोंडी सांगून काही झालं नव्हतं. बहिणीनं तेच शब्द कागदावर नेऊन शिक्का घेतला, आणि त्याच आठवड्यात त्याची खोली बदलली.

चौकशीत नेहमी बिघडतं ते हे: दोघांना समोरासमोर उभं करायचं, लहान्याला बोलायला लावायचं, मोठ्याला माफी मागायला लावायची आणि मिटलं म्हणायचं. त्या रात्री काय होईल ते सांगायला नको. प्रत्येकाला वेगळं, आधी लहान्याला, ही मागणीही पत्रात घाला. त्या मोठ्या मुलाच्या घरी फोन करू नका आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. तोही बहुधा अठराच्या आतलाच असणार. पोलिसांपर्यंत गेलं तरी त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं, आणि त्याचं नाव उघड करणं हा उलट तुमच्यावरचा गुन्हा होईल.

“ही गुरुसेवाच आहे असं मुलं म्हणतात,” असंही तुम्ही लिहिलंय. सेवा ओळखायला सोपी असते. तिची पाळी लावलेली असते, मोठ्यांनाही ती असते, गुरुजींच्या देखत करता येते आणि आजारी पडलं तर सुटते. माझ्या मामांच्या पाठशाळेत पाणी भरणं, भांडी, देवघर पुसणं सगळ्यांना होतं. पाळीचा कागद पडवीत लावलेला असे. दुसऱ्या विद्यार्थ्याचे कपडे धुणं कुठल्याच पाळीत बसत नाही. आणि ‘बाहेर सांगितलंस तर विद्या जाईल, पाप लागेल’ असं कोणी म्हटलं असेल, तर ते शब्द जसेच्या तसे पत्रात हवेत. पोरं माराला जेवढी घाबरत नाहीत तेवढी या धमकीला घाबरतात. आजोबांनी त्याला जवळ घेऊन सांगायला हवं की घरी सांगण्यात पाप नाही. हे आजोबांच्याच तोंडून यायला हवं.

वळांबद्दल. कोकणात पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवरून कोण घसरत नाही? पण घसरलेल्या मुलाचे तळवे, कोपर, गुडघे, नडग्या सोलवटतात. पाठ, कान, मान, दंडाची आतली बाजू, मांडीची मागची बाजू इथे वळ असतील तर ते पडण्याचे सहसा नसतात. पुढच्या वेळी दिसले की त्याच दिवशी फोटो, शेजारी मापाला पट्टी ठेवून, आणि सरकारी रुग्णालयात केसपेपर. डॉक्टरांना खरं कारण सांगायचं, ‘पडला’ नाही.

फोनवर “कोणी मारतं का?” असं विचारू नका, फोन कार्यालयात आहे आणि मागे कोणीतरी उभं आहे. जेवताना शेजारी कोण बसतं, आंघोळीला कितवा नंबर लागतो, रात्री दिवा कोण मालवतं, असं विचारा. उत्तर टाळलं की तिथेच काहीतरी आहे. शिवाय आजोबांनी प्रत्यक्ष भेटून एक खूण ठरवावी: “पूजेला कुठलं फूल होतं?” जास्वंद म्हणजे ठीक, तगर म्हणजे या. तगर ऐकलं की आजोबांनी त्याच दिवशी निघायचं, नाहीतर मूल ती खूण पुन्हा वापरणार नाही.

पत्र दिल्यावर आठव्या दिवशी उत्तर नसेल तर शिक्क्याची प्रत घेऊन पोलीस ठाणे, आणि तीच प्रत रत्नागिरीला जिल्हा बाल संरक्षण कक्ष व बाल कल्याण समितीला. १०९८ वर, म्हणजे मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर, मात्र आजोबांनी गावाहूनच फोन करावा. उत्तर आलं, खोली बदलली, तरी पुढचे दोन-तीन आठवडे त्यांनी न कळवता जाऊन यावं. सूड तेव्हाच उगवला जातो.

एक अपवाद, आणि तो नीट वाचा. अंगाला नको तिथे हात लावणं, कपडे काढायला लावणं, असं काही निघालं तर वरचं सगळं बाजूला. सात दिवस थांबायचं नाही, संस्थेला आधी विचारायचं नाही, थेट पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, ज्याला कळलं त्यानं कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखानं दडवलं तर त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला पुन्हापुन्हा विचारू नका आणि त्याचे कपडे धुऊ नका.

बाकीचं थोडक्यात. दहावीचं वर्ष बुडेल ही काळजी आत्ता नको, मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. सासूबाई म्हणतात तसं त्याला लगेच काढून आणायचं का? रात्री प्रौढ माणूस ठेवायला संस्था नकार देत असेल तर हो, त्याच दिवशी. एरवी त्याला स्वतःला विचारा. मस्कतच्या शाळेतल्या प्रवेशाचं पुढच्या पत्रात पाहू.