विजय नगरातून रामबागेत

प्रिय मैत्रीण,

'उपाशी नाही आहोत, तरी रोज काहीतरी गेल्यासारखं वाटतं. मी कृतघ्न आहे का?' तुमचा हा प्रश्न वाचून जीव तुटला. यजमानांची नोकरी सुटली, दुसरी निम्म्या पगाराची मिळाली आणि इंदूरच्या विजय नगरचा फ्लॅट सोडून तुम्ही रामबागेत सासरच्या दोन खोल्यांत आलात. सासूबाई म्हणतात, होईल सवय.

तुम्ही कृतघ्न नाही. सुबत्ता अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. फ्लॅटमधला एसी पहिल्या मे महिन्यात चैन वाटला असेल, पुढे तो आहे हेही विसरायला झालं असेल. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांची विचारपूस केली होती. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट न्याहारी, मित्रांशी गप्पा यांतला आनंद त्यांना कमीच वाटत होता. गमावण्याचं गणित मात्र वेगळं. डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की जेवढं मिळाल्याने आनंद होतो, तेवढंच गेल्याचं दुःख त्याहून जास्त लागतं. म्हणून मनाला थोडा वेळ द्या.

जागेच्या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं बरंचसं खरं ठरेल. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. भिशीतल्या मैत्रिणींना तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. त्यांच्याबरोबर छप्पन दुकानला खायला गेलात की पूर्वीसारखंच बिल भरता, आणि केवळ 'लोक काय म्हणतील' म्हणून गाडीचा हप्ता ओढताय. लहान घराची सवय होते हो, पण उघडं पडण्याच्या धास्तीची कशी होणार? ती रोज नवी असते. शिवाय तिच्यापायी मुलाच्या क्लासची फी थकली आहे, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आधी यजमानांशी बोला. गाडी त्यांनी हौसेनं घेतलेली, तेव्हा 'विकून टाका' असं एकदम म्हणू नका. हप्ता आणि फी एका कागदावर लिहून दोघं मिळून बघा. तेरा वर्षांच्या मुलालाही सांगा, त्याला निम्मं कळलेलंच असणार. मग भिशीत सरळ म्हणा, 'मला आता एवढी झेपत नाही, ही संपली की लहान रकमेची लावू या का?' एखादी दुरावेल, वाईट वाटेल. पण दुसरी एखादी तिथेच म्हणेल, 'बरं झालं बाई, तू बोललीस.'

तुमची,
ताई