रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) मंडळीत पाळकांनी एकाच पुस्तकावर सलग उपदेश करणं बंधनकारक असतं का?

नाही. तुमचे नवे पाळक आठ महिने बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातच आहेत, लोक कंटाळलेत, आणि विचारलं की ते ‘ही रिफॉर्म्ड पद्धत आहे’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. पद्धत आहे, पण नियम नाही. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासना-मार्गदर्शिकेने उपदेशकाला मोकळीक दिली आहे: प्रसंग पाहून उतारा घ्या, नाहीतर एखादं पुस्तक क्रमाने चालवा. हॉलंडच्या मंडळ्या तर पिढ्यान्‌पिढ्या रविवारी दुपारी हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीवर, म्हणजे विश्वासाची शिकवण देणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेवर, उपदेश ऐकत आल्या. तिचे ५२ रविवारांत भाग पाडलेले आहेत. आणि लंडनचा एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला उपदेशक स्पर्जन, बाप्तिस्त असला तरी पक्का कॅल्विनवादी, दर वेळी नवा उतारा निवडायचा. रविवार सकाळचा उपदेश शनिवारी संध्याकाळी तयार व्हायचा.

तरीही मी पाळकांच्या बाजूने थोडं बोलणार.

१ जानेवारी १५१९ ला धर्मसुधारक झ्विंगलीने झुरिकमध्ये ठरलेले वाचनपाठ बाजूला ठेवले आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. म्हणजे वंशावळीपासून! लोकांना खूश करायचं असतं तर कुणी तिथून सुरू केलं नसतं. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन, त्याला १५३८ मध्ये जिनिव्हातून हाकललं. १५४१ मध्ये त्याच शहराने परत बोलावलं. लोक टपून बसले असणार, आता हा कुणाकुणाचा समाचार घेतो म्हणून. त्याने आपल्या सेवेबद्दल दोन शब्द सांगितले आणि जिथे थांबला होता तिथलाच उतारा पुढे चालू केला.

यातली खरी गोम अशी की क्रमाने गेलं की उतारा पाळकाच्या हातात राहत नाही. आमच्या मंडळीत १ करिंथ, म्हणजे पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, चालू होतं. सहावा अध्याय आला: विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचण्याबद्दलचा. त्याच वेळी मंडळीतल्या दोन भावांची शेतजमिनीवरून तारीख पडत होती. उपासना संपल्यावर थोरला तरातरा पुढे आला, ‘पाळकसाहेब, हे माझ्यासाठीच काढलंत ना?’ पाळकांनी फक्त मागच्या रविवारचं पत्रक काढून दाखवलं. त्यावर पाचवा अध्याय होता. विषय निवडून केलेला उपदेश असता तर त्या दिवशी भांडणच झालं असतं. आणि खरं सांगायचं तर निवडायची मुभा असती तर आमच्या पाळकांनी तो अध्याय टाळलाच असता. दोन्ही घरं चांगली देणगी देणारी.

आता तुमची तक्रार. ती मला रास्त वाटते, कारण आपल्याकडचे काही उपदेशक कॅल्विनचं अनुकरण अर्धंच करतात. त्याने बायबलमधल्या ईयोब या पुस्तकावर १५९ आणि अनुवाद या पुस्तकावर २०० उपदेश केले हे कौतुकाने सांगतात. पण ते आठवड्याच्या मधल्या दिवशीचे होते, एका आड एक आठवडा जवळपास रोज. ईयोब साधारण वर्षभरात आटोपला. तेच आपण फक्त रविवारी केलं तर तीन वर्षं लागतील. त्यात कुणाची शिफ्ट, कुणाचं गावी जाणं. मधले दोन रविवार चुकले की माणूस पौलाच्या ‘म्हणून’ पाशी येऊन अडकतो, कशाचं ‘म्हणून’ हेच त्याला कळत नाही.

(कॅल्विनच्या उपदेशांची हस्तलिखितं १८०५ मध्ये जिनिव्हाच्या ग्रंथालयाने वजनावर रद्दीत विकली. तेव्हा लांबीचा फार अभिमान नको.)

पाळकांना मंडळीच्या वडिलांच्या (एल्डरांच्या) सभेत तीन गोष्टी विचारा. एका वेळी एक वचन न घेता पूर्ण परिच्छेद घेता येईल का? रोमकरांसच्या अकराव्या अध्यायानंतर थोडं थांबून एखादं स्तोत्र किंवा योनाचं छोटं पुस्तक घेता येईल का? बाराव्यापासून पत्राचा सूर बदलतो, त्यामुळे तिथे थांबलं तर काही तुटत नाही. आणि पुढच्या रविवारचा उतारा आदल्या रविवारी पत्रकात छापता येईल का, म्हणजे लोक घरून वाचून येतील. यातलं काहीही रिफॉर्म्ड परंपरेच्या बाहेरचं नाही. ‘रोमकर बंद करा’ असं मात्र म्हणू नका. आठव्या अध्यायाच्या आधी असाल तर नुकसान तुमचंच आहे.